तिसऱ्या वेळचा दिवा

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर बारीक आहे आणि ओळ शेवटाकडे खाली उतरत जाते. वेलांटी पहिली की दुसरी, याचा मला आजही भरवसा नाही. वही धाकटीच्या भूगोलाची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही असं ठरवूनच लिहिते आहे, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

गेल्या आठवड्यात पारगावहून निरोप आला की अनसाकाकू गेली. ती तिथे लेकीकडे राहायला गेली होती. निरोप ऐकून मला रडू आलं नाही. मनात एवढंच आलं, तिला लुगडं कुणी नेसवलं असेल?

कारण आमच्या गावात ते काम तिचं होतं. आमचं गाव डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला. इथल्या म्हाताऱ्या नऊवारीतच गेल्या, आणि त्यांना शेवटचं लुगडं अनसाकाकूनेच नेसवलं. जत्रेला देवीला तिनेच नेसवायचं. लग्नात नवरीलाही तीच लागायची, पण तिथे एक मेख होती. काकूचा मुलगा रोहिदास चार वर्षांचा असताना तिचा नवरा वारला होता. म्हणून काकूने आतल्या खोलीत सगळं नेसवायचं, निऱ्या घालायच्या, काष्टा ओढायचा, आणि शेवटचा खोचा तेवढा सवाष्णीने येऊन खोचायचा. मग काकू मागच्या दाराने बाहेर पडायची. हळदीच्या जागी ती कधी उभी राहिली नाही. तिला कुणी नको म्हणायचीही वेळ आली नाही, ती आधीच निघून गेलेली असायची.

दिसायला ठेंगणी, काळी, मनगटं पुरुषासारखी जाड. माणसाकडे बघायची ते पायापासून वर. तोंडाकडे सगळ्यात शेवटी. मी नवीन लग्न होऊन शेजारी आले, तेव्हा नळावर मला म्हणाली, "सुमे, कंबर भरलीय ना गं? डावीकडची निरी वर चढलीय तुजी." मी लाजून मान खाली घातली. सासूला सांगितलं नव्हतं ते हिला साडीवरून कळलं होतं. ती म्हणायची, "तोंड खोटं बोलतं. नेसलेलं खोटं बोलत न्हाई."

माझी धाकटी बालवाडीत जायची तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की गाळाची मोठी सपाटी उघडी पडते. तिथे जुन्या काळातल्या लढायांच्या एका पिक्चरचं शूटिंग आलं. मुंबईच्या लोकांनी प्लायवुडचा किल्ल्याचा दरवाजा उभा केला. दुरून खरा वाटायचा, जवळ गेलं की खिळे दिसायचे. शूटिंग संपल्यावर त्याची एक फळी आमच्या सासऱ्यांनी आणली, ती अजून गोठ्याच्या कुडाला आहे.

गर्दीसाठी माणसं आमच्या आणि आसपासच्या गावांतून घेतली. पुरुष मावळे, बायका गावच्या बायका. घोडे वरातीचे होते. लढाईचा ढोल वाजला की ते पुढे पळायच्या ऐवजी जागेवर नाचायला लागायचे. वर बसलेले सरदार ओरडायचे, "अरे धरा रे ह्याला!" आणि आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो.

कपड्यांवर एक शिंपी होता, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. किडकिडीत माणूस, जेवतानासुद्धा गळ्यात टेप. त्याने बायकांसाठी शिवलेल्या नऊवाऱ्या आणल्या होत्या, कमरेला नाडी, झग्यासारख्या पायात घालायच्या. काकूने एक हातात धरून उलटीपालटी केली.

"मास्तर, ही काय पिशवी हाय का?"

"मावशी, पन्नास बायका आहेत. नेसवत बसलो तर दुपार होईल."

"मला दोन पोरी द्या हाताखाली. उन्हं वर यायच्या आत नेसवते. आन् ह्या बाया श्येतातल्या हायेत का वाड्यातल्या, ते आदी सांगा."

"त्याने काय फरक पडतो?"

"श्येतातली बाई घोट्यापातूर नेसत न्हाई, मास्तर. चिखलात कशी चालंल ती?"

दुसऱ्या दिवशीपासून काकू त्याच्या हाताखाली लागली. आम्हाला मिळायचा त्याच्या दुप्पट रोज तिला. पिक्चरच्या राणीला घोड्यावर बसवायचं होतं, तिचं लुगडं सारखं सुटायचं, तेही काकूनेच बसवलं. राणी म्हणाली, "काकू, आता तर मी पळूसुद्धा शकते." काकू म्हणाली, "मग पळा की. सोडायला सांगितलंय कुनी?"

रोज सकाळी ती आमच्या रांगेसमोरून फिरायची आणि एकेकाची झडती घ्यायची. घड्याळं, प्लास्टिकच्या चपला, एका म्हाताऱ्याचा खिशातला पेन, सगळं पिशवीत. एकदा मास्तरला हाक मारून म्हणाली, "ह्या बायांच्या दंडावरचं वण झाका आदी. त्या काळात देवी टोचायला कंची नर्स येत व्हती?" मास्तरने कपाळावर हात मारला. इतक्या दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं.

सीन असा होता की मावळे लढाईला निघतात आणि बायका त्यांना ओवाळतात. पुढे एक म्हातारी आई हवी होती. मुंबईहून आणलेली बाई उन्हाने आजारी पडली. डायरेक्टर रांगेतून फिरला, काकूपाशी थांबला आणि म्हणाला, "यही चेहरा चाहिए." मुलगा म्हणून त्याने सगळ्यांत उंच मावळा निवडला. तो रोहिदास निघाला. ही त्याची खरी आई आहे हे डायरेक्टरला ठाऊक नव्हतं.

काकू मागे सरली. "मी न्हाई. माज्या कपाळाला कुंकू न्हाई."

"मेकअपवाली लावेल ना," मास्तर म्हणाला.

"तसं न्हाई मास्तर. मी ओवाळत नसते."

सगळे थांबले होते. ऊन चढत होतं. मग रोहिदास पुढे आला, हातात तो लाकडी भाला. हळू आवाजात म्हणाला, "आये, ओवाळ की. पिच्चरमधी तर बा जित्ता हाय."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. या खेपेला पायापासून नाही, सरळ तोंडाकडे. मग खाली बसली आणि मेकअपवाल्या पोरीपुढे कपाळ केलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते कपाळ उघडंच पाहिलं होतं. त्यावर मोठं, आडवं कुंकू. मला बघवेना.

मी तिच्या डाव्या हाताला, अगदी लागून उभी होते. माझ्याही हातात ताट. आम्हाला सांगितलं होतं की नजर वर ठेवा. माझी काही केल्या वर होईना. समोर ते यंत्र, त्यामागे इतके पुरुष. मी माझ्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "रहने दो, शरमाती है, अच्छा है."

पहिल्या वेळी पाण्यावरून वारा आला आणि काकूच्या ताटातला दिवा विझला. सगळ्यांनी पाहिलं. "कट" म्हणाले. पुन्हा पेटवला. दुसऱ्या वेळी मागे घोडा नाचला. तिसऱ्या वेळी कुणी थांबवलं नाही. मला फक्त ऐकू येत होतं. बांगड्यांचा आवाज, त्याही शूटिंगच्याच, आणि रोहिदासचा आवाज, "येतो आई." मग तो वाकून तिच्या पाया पडला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डायरेक्टर म्हणाला, "बढ़िया."

मेकअपवालीने क्रीम लावून कुंकू पुसलं. तरी काकू पाण्याच्या काठी बसून कपाळ धूत राहिली. दोन दिवस तिथे गुलाबी डाग होता आणि दोन दिवस तिने पदर भुवयांपर्यंत ओढला होता. शूटिंगचे म्हणून अठराशे रुपये तिला मिळाले. ते तिने चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि हात लावला नाही. "कपाळ रंगवून मिळवल्याली कमाई हाय ती," म्हणायची. "तिचं मीठसुदीक आणायचं न्हाई."

वर्षाने पिक्चर लागला. टेम्पो करून आम्ही सगळे नारायणगावला गेलो. दरवाजा उघडला आणि सैन्य एकदम बाहेरच निघालेलं. ओवाळणं नाही, बायका नाहीत. दुरून धुळीत मुंग्यांसारखी माणसं. रोहिदास अंधारात मोठ्याने म्हणाला, "त्यो डावीकडनं चौथा ठिपका दिसतोय का? त्यो मीच!" अख्खं थेटर हसलं. काकूसुद्धा हसली. परत येताना टेम्पोत माझ्या कानाशी म्हणाली, "बरं झालं बाई कापलं ते. कुनी बघितलं न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात रोहिदास गेला. तो पिकअप चालवायचा, टोमॅटो घेऊन. कळंबजवळ हायवेला समोरून ट्रक आला. सव्वीस वर्षांचं पोर, लग्न ठरत आलं होतं.

तेराव्याला बायका बसलेल्या असताना काकूची थोरली जाऊ म्हणाली, "ताटातला दिवा इझला ना, तवाच मला कळलं व्हतं. बिनकुकवाच्या बाईनं ओवाळाय जाऊच ने."

कुणी तिला गप्प बस असं म्हणालं नाही. मीसुद्धा तिथेच बसले होते.

काकू जागची हलली नाही. एवढंच म्हणाली, "तिसऱ्या येळी इझला न्हवता."

"इझला म्हंजी इझला," जाऊ म्हणाली.

"पयल्या येळी इझला. त्यो त्यांनी सोडला. ज्यो घेतला त्यो तिसरा. तिसऱ्या येळी रोहिदा पाया पडला, उठला, वळला, तवर जळत व्हता."

पण गावाला पहिल्या वेळचा दिवाच आठवत होता. विझलेलं दिसलं की माणसं पुढचं बघत नाहीत. लग्नघरची बोलावणी कमी झाली. मग बंद झाली. देवीला त्या वर्षी दुसऱ्या बाईने नेसवलं, काष्टा एका बाजूला ओढलेला होता. मेलेल्या बायकांना नेसवायला मात्र काकूला बोलावत राहिले.

एका दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. "सुमे, तू माज्या शेजारी व्हतीस. तिसऱ्या येळी दिवा जळत व्हता ना?"

मी म्हणाले, "काकू, माझी मान खाली होती."

ती म्हणाली, "व्हय. तू लाजत व्हतीस." आणि उठून गेली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिने ते मनावर घेतलं. कापलेला असला तरी सीन कुठेतरी असेलच की. तो मिळवायचा आणि बघायचा. मुंबईला मास्तरला पत्र लिहायचं होतं. पुरुषांना सांगायचं नव्हतं, पोरं हसली असती. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पोस्टकार्डावर मी माझ्या त्या अक्षरात लिहिलं. ती सांगायची, मी लिहायची, आणि शेवटी ती विचारायची, "'जळत व्हता' आसं लिवलंस का?"

मास्तरचं उत्तर आलं. माणूस भला होता. सीन कापला तरी तुकडे लगेच फेकत नाहीत, डबे पडून असतात, असं त्याने लिहिलं होतं. शोधायला माणूस लावावा लागेल, सापडला तर त्याची कॅसेट करावी लागेल, दोन्हीला खर्च येईल. पुढे तो दुसऱ्या कामाला जुन्नरला आला, तेव्हा काकूने मला बरोबर घेतलं आणि एसटीने जाऊन तो चहाचा डबा त्याच्या हातात दिला. अख्खे अठराशे.

"मावशी, सापडेलच असं नाही."

"सापडंल. पाया पडल्याला कुनी फेकत न्हाई."

वर्ष गेलं. मग सहाशे रुपयांची मनीऑर्डर आली. खाली मजकूर होता की एका ठिकाणचे डबे पाहिले, त्यात नाही, तिथे खर्च झाला नाही म्हणून एवढे परत.

काकू संतापली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "परत कशापायी धाडलं? म्या मागितलं व्हतं का? सुमे, त्यालाच माघारी धाड."

"काकू, पैसे आले तर बरंच की."

"तुला कळत न्हाई. आपलं पैसं त्याच्याकडं हायेत तवर त्यो धुंडतोय. पैसं संपलं की धुंडणं संपलं."

मी फॉर्म भरून पैसे परत पाठवले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. "मावशी, पाठवू नका. शोध चालू आहे." ते वाचून ती जरा निवली. पण सहाशे रुपये तिने डब्यात असे ठेवले, की जणू कुणाच्या अस्थी.

मग सीडीचा जमाना आला. मंचरच्या दुकानदाराने सांगितलं की त्या पिक्चरच्या सीडीत शेवटी कापलेले सीन आणि शूटिंगच्या गमती घातल्यात. माझ्या थोरल्याने सीडी भाड्याने आणली. काकू आमच्या घरी टीव्हीसमोर बसली, पदर डोक्यावरून घेऊन, देवळात बसावं तशी. पिक्चरमध्ये दरवाजा उघडला तेव्हा उठून तिने काचेवर बोट ठेवलं. "हितं. हितं आमी व्हतो." शेवटी त्या गमती आल्या. राणी वाक्य विसरते आणि हसते. घोडा नाचतो. मग राणीच्या निऱ्या नीट करताना दोन हात दिसले, फक्त मनगटापर्यंत. जाड, काळी, बांगडी नसलेली मनगटं. मी म्हणाले, "काकू, तुझे हात!" ती म्हणाली, "म्होरं जाऊ दे." पुढे आणखी दोन कापलेले सीन होते, दोन्ही दरबारातले. मग निळा पडदा आला.

दुसरी मनीऑर्डर सातशेची. या वेळी ती रागावली नाही, नुसती विचारत राहिली, "आता त्याच्याकडं किती ऱ्हायलं?"

"पाचशे, काकू."

"हायेत आजून," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच महिने काही आलं नाही, आणि त्या महिन्यांत ती खरंच बरी होती. मिश्री लावत ओट्यावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघायची. एकदा माझ्या धाकटीला शाळेच्या कार्यक्रमासाठी नऊवारी नेसवली आणि शेवटचा खोचा खोचायला मला हाक मारली. मी म्हणाले, "तूच खोच." तिचे हात तसेच थांबले. मग तिने खोचला.

आणि पत्र आलं. मी तिला वाचून दाखवलं. मास्तरने सगळीकडे पाहिलं होतं. ज्यांच्याकडे डबे होते त्यांचं काम बंद पडलं. कापलेले तुकडे भंगारात किलोवर विकले. जुनी फिल्म भंगारवाले घेतात, तिच्यातून चांदी काढतात. आता कुठे शोधण्यासारखं राहिलं नाही. उरलेले पैसे पाठवतो, माफी असावी.

"चांदी?" काकूने विचारलं.

"असं लिहिलंय."

ती म्हणाली, "म्हंजी कुना सवाशिनीच्या जोडव्यात गेला आसंल माजा रोहिदा."

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. "काकू, तिसऱ्या वेळी दिवा जळत होता. मी पाहिला होता. शेवटपर्यंत जळत होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी पायांकडे, मग हळूहळू वर. तोंडापाशी आल्यावर तिचे डोळे थांबले.

"तुजी मान खाली व्हती, सुमे," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "ऱ्हाऊ दे."

त्या महिन्यात रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की ती घरात जाऊन बसायची. तो पुढे निघून गेला की बाहेर यायची. मला कळत होतं, उरलेले पाचशे येऊच नयेत असं तिला वाटत होतं.

शेवटी एका दुपारी सायकल आमच्या बोळात थांबली. काकूला बाहेर यावंच लागलं. तिने अंगठा दिला. पोस्टमन म्हणाला, "अनसाबाय, मोजून घ्या." तिने नोटा हातात न घेता माझ्याकडे बोट केलं. मी मोजल्या.

"किती हायेत?"

"पाचशे."

"म्हंजी?"

"म्हणजे झाले, काकू. सगळे आले."

तिने नोटा घेतल्या, कमरेला खोचल्या आणि घराकडे वळली. दिवाळीच्या आधी लेक तिला पारगावला घेऊन गेली. मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळे मी तिला पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं. नोटा खोचताना तिची निरी सुटली होती. पुढचा काठ पायाखालून जमिनीवर ओढत चालला होता, आणि तिला ते कळलं नव्हतं. मी हाक मारली नाही. बोळाच्या धुळीत काठाची एक रेघ उठत गेली, तिच्या दारापर्यंत.

मास्तरने तिचा एक रुपयाही ठेवून घेतला नाही. अठराशेच्या अठराशे परत आले.